ओटा स्कीममधला वर्ग

निगडीच्या बसस्थानकाजवळ मेट्रोच्या कामाचे पत्रे उभे आहेत. त्या पत्र्यांच्या कडेनं तेरा विद्यार्थी रांगेत थांबलेत, अकरा मुली आणि दोन मुलगे. फिकट निळा कम्युनिटी युनिफॉर्म, खांद्याला काळी बॅग, मुलींचे केस घट्ट बांधलेले. बी.एस्सी. नर्सिंगचं पाचवं सेमिस्टर, विषय कम्युनिटी हेल्थ नर्सिंग. सकाळचे पावणेनऊ झालेत. जनरल शिफ्टच्या शेवटच्या कंपनी बस भरून निघतायत आणि थर्ड शिफ्ट करून उतरलेली माणसं वडापावच्या गाडीपाशी चहा घेतायत. डोळे तांबारलेले, गळ्यात अजून कंपनीचं ओळखपत्र.

मॅडम रिक्षातून उतरतात. सुती साडी, पायात धावायचे बूट, हातात छत्री. श्रावणातला पाऊस आत्ता थांबलाय, पण त्याचा भरवसा नाही.

"नखं," त्या एवढंच म्हणतात.

सगळे हात पुढे येतात. मॅडम रांगेवरून नजर फिरवतात आणि एका मुलीच्या अंगठ्यापाशी थांबतात. ती मुलगी पर्समधून नेलकटर काढते.

"वर्तमानपत्र कोणी आणलं नाही?"

तीन-चार जण एकमेकांकडे बघतात. एक मुलगा धीर करून म्हणतो, "मॅडम, पेपर आता आम्ही मोबाइलवरच वाचतो."

"मग बॅग मोबाइलवर ठेवशील?"

हशा पिकतो आणि तो मुलगा पेपरच्या स्टॉलकडे पळतो.

रांग ओटा स्कीम या वस्तीच्या दिशेनं चालू लागते. मॅडम पुढे आणि त्यांच्या बरोबरीनं या भागाच्या आशाताई. शहरी आरोग्य अभियान 2013 साली आलं, तेव्हापासून वस्त्यांमधल्या हजार ते अडीच हजार लोकसंख्येमागे एक आशा असा हिशेब आहे. आशाताईंच्या पिशवीत एक जाड रजिस्टर आहे, पण बोलताना त्या ते उघडत नाहीत. "त्या पिवळ्या दारातली बाई गावाला गेली, बाळंतपणाला. वरच्या खोलीत आता सोलापूरचे आलेत. कोपऱ्यावरच्यांनी चाकणला घर केलं." मागून चालणारी मुलगी मागच्या बॅचनं काढलेला वस्तीचा नकाशा हातात धरून घरं जुळवतेय. वर्षभरापूर्वीचाच नकाशा, पण त्यातली निम्मी नावं जुळत नाहीत.

पिंपरी-चिंचवड हे शहरच असं वाढलेलं आहे. 1954 साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, 1960 च्या दशकात एमआयडीसी आणि मोटारींचे कारखाने आले, 1972 मध्ये कामगारांच्या घरांसाठी प्राधिकरण निघालं, 1982 मध्ये महापालिका झाली. 2001 च्या जनगणनेत दहा लाखांवर असलेली वस्ती 2011 मध्ये सव्वासतरा लाखांवर गेली. पुढे चाकण भरलं, तळवडे भरलं आणि भाड्याच्या एका खोलीसाठी येणारी माणसं निगडी, रुपीनगर, त्रिवेणीनगरमध्ये थांबत राहिली. नर्सिंगच्या पुस्तकातल्या 'गृहभेट' या प्रकरणात घर असतं, घरात आई असते आणि सकाळी अकरा वाजता तिला बोलायला वेळ असतो. मॅडमचं सगळं शिकवणं या प्रकरणाशी चाललेलं भांडण आहे, हे पुढच्या चार तासांत हळूहळू दिसत जातं.

पहिलं घर. दारात निळा ड्रम, आत एक खोली, खोलीत पलंग, पलंगावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग. घरात टेबल नाही. ज्या मुलीची पाळी आहे ती बॅग कुठं ठेवावी म्हणून चारी बाजूंना बघते. बॅग जमिनीवर ठेवायची नाही आणि पलंगावरही नाही. शेवटी ती वॉशिंग मशीनच्या झाकणावर वर्तमानपत्र पसरते, त्यावर बॅग ठेवते, वरच्या कप्प्यातून साबण आणि हात पुसायचा रुमाल काढते आणि मोरीपाशी हात धुऊन येते. मग आतला कप्पा उघडते. वापरलेलं काही परत आत जाणार नाही आणि निघताना कागदाची घाण झालेली बाजू आत घडी करून उचलायची. शंभराहून अधिक वर्षं घरोघर जाणाऱ्या नर्सेस हे असंच करत आल्या आहेत. एका घरातला आजार पुढच्या घरात आपल्या पिशवीतून जाऊ नये, एवढाच त्यामागचा विचार.

बाई सगळं कुतूहलानं बघतेय. "एवढं सोवळं कशाला गं?" ती विचारते.

"तुमच्यासाठीच काकू," मुलगी म्हणते. मॅडमच्या चेहऱ्यावर समाधान दिसतं, पण त्या बोलत नाहीत.

मुलगी आता डेंग्यूवर बोलू लागते. चार्ट उघडलेला, आवाज पाठांतराचा. एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करायची, कोरडा दिवस पाळायचा.

बाई शांतपणे ऐकून घेते आणि ड्रमकडे बोट दाखवते. "हा ओतून देऊ? पाणी उद्या येणारे. आज चार माणसांनी काय करायचं?"

मुलगी चार्टकडे बघते. चार्टमध्ये याचं उत्तर नाही. पिंपरी-चिंचवडला 2019 च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी येतं. म्हणजे साठवलं नाही तर घर चालत नाही आणि साठवलं तर डास होतो. मॅडम मध्ये पडत नाहीत. त्या मुलीला पुरतं अडकू देतात.

"काकू," थोड्या वेळानं मुलगी विचारते, "हा ड्रम कधी रिकामा होतो का?"

"होतो ना. पाणी यायच्या आधी तळाशी दोन तांबे उरतात."

"मग त्या वेळी आतून ब्रशनं घासाल? अंडी कडेला चिकटून असतात. आणि वर झाकणाच्या खाली जुनी ओढणी बांधायची, घट्ट."

बाई विचार करते. "तेवढं करता येईल."

बाहेर गल्लीत आल्यावर मॅडम पहिल्यांदा बोलतात. "तुझा चार्ट तिनं हरवला. मग तू विचारलंस, तेव्हा तिनंच तुला उत्तर दिलं. हे वहीत लिही. चार्ट कुणीही वाचून दाखवील."

दुसऱ्या घराकडे जाताना मॅडम आपल्याबद्दल थोडंफार सांगतात, तेही मुलांनी खोदून विचारलं म्हणून. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्या एएनएम, म्हणजे साहाय्यक परिचारिका-प्रसाविका, झाल्या. पहिली नेमणूक आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागात, डोंगरातल्या उपकेंद्रात. आदिवासी आणि डोंगरी भागात तीन हजार लोकांमागे एक उपकेंद्र, सपाटीवर पाच हजारांमागे. कागदावर तीन हजार म्हणजे कमी वाटतात, पण त्या तीन हजारांपर्यंत पोचायला तीन दिशांना तीन दिवस चालावं लागायचं. बाळंतपणं घरातच व्हायची. कुटुंब नियोजनाचं टार्गेट असायचं आणि महिनाअखेरी केसेस मोजल्या जायच्या.

"टार्गेट नाही झालं तर?"

"मीटिंगमध्ये उभं करायचे. 1996 च्या एप्रिलमध्ये टार्गेट गेलं. पण माणूस मोजायची सवय जायला फार वर्षं लागली. काहींची अजून गेली नाही."

त्याच सुमारास, 1995 च्या डिसेंबरात, पल्स पोलिओ सुरू झाला. डोंगरातल्या पाड्यावर बर्फाच्या पिशव्या वितळायच्या आत पोचायचं, याची धावपळ मॅडम अजून तपशिलानं सांगतात. देशातला शेवटचा पोलिओ रुग्ण 2011 च्या जानेवारीत हावड्यात सापडला आणि 2014 मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. ती बातमी आली तेव्हा मॅडम वर्गात शिकवत होत्या. मधल्या काळात त्यांनी नोकरी सांभाळून जीएनएम केलं, मग पोस्ट बेसिक, मग एम.एस्सी., आणि ट्यूटर झाल्या. शिकवायला लागल्यावर जामखेडला जाऊन आल्या. डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 साली तिथं सुरू केलेल्या कामात शाळेची पायरीही फारशी न चढलेल्या बायका गावाचं आरोग्य सांभाळतात, दर आठवड्याला केंद्रात जमून एकमेकींना शिकवतात. "तिथं मी बघितलं, शिकवणारी बाई सर्वांत कमी बोलत होती," मॅडम म्हणतात. "डोंगरात असताना घर गाठायला धाप लागायची, पण पोचलं की सगळे घरात असायचे. इथं घर दारात आहे, माणूस सापडत नाही."

दुसऱ्या घरात सहा महिन्यांची गरोदर मुलगी आहे, वय वीस-एकवीस, मराठवाड्यातून लग्न होऊन आलेली. नवरा तळवड्याला एका कारखान्यात कंत्राटी. आशाताईंच्या रजिस्टरमध्ये हिमोग्लोबिन 9.2. गरोदरपणात 11 च्या खाली गेलं की रक्तक्षय, 7 ते 10 म्हणजे मध्यम. अशा बाईनं रोज एकाऐवजी दोन गोळ्या घ्यायच्या, लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या.

"गोळ्या घेता ना?" एक विद्यार्थी विचारतो.

"हो."

"रोज?"

"हो."

तो वहीत टिक करतो. मॅडम त्याच्या हातातलं पेन हळूच खाली करतात आणि त्या मुलीशेजारी जमिनीवर बसतात.

"गोळ्यांनी मळमळतं का गं?"

मुलगी मान हलवते.

"आणि संडासला काळं होतं?"

"नाही. नेहमीसारखंच."

विद्यार्थ्याचं पेन थांबतं. लोहाची गोळी नियमित पोटात गेली की शौचाचा रंग काळपट होतो, पाठ्यपुस्तकात हे दुष्परिणामांच्या यादीत आहे. मॅडमनी त्या दुष्परिणामालाच साक्षीला बोलावलंय. त्या ओरडत नाहीत, 'खोटं का बोललीस' असंही म्हणत नाहीत. "पाकीट दाखवतेस?" एवढंच विचारतात. पाकीट डब्यांच्या मागून निघतं, जवळजवळ भरलेलं.

आता खरं बोलणं सुरू होतं. सकाळी रिकाम्या पोटी गोळी घेतली की उलटी होते. उलटी झाली की सासू फोनवर म्हणते, गोळी गरम पडते, सोडून दे. आणि गोळी घेतल्यावर तोंडाची चव घालवायला चहा. मॅडम विद्यार्थ्याकडे वळतात. "आता तू सांग. ती ऐकेल."

तो सांगतो. एकेक गोळी जेवणानंतर, दुपारी आणि रात्री. चहा गोळीच्या आधी नाही, नंतरही तासभर नाही. कॅल्शियमची गोळी याच वेळी घ्यायची नाही, दोन्हींत अंतर ठेवायचं. जेवणात लिंबू पिळायचं. संडासला काळं झालं तर घाबरायचं नाही, गोळी पोटात जात असल्याची ती खूण. या वेळी त्याचा आवाज वेगळा आहे, कारण समोरच्या मुलीला आता काय अडतंय ते त्याला माहीत आहे.

"बाळंतपण कुठं?" मॅडम विचारतात.

"गावाला. इथं खासगीत परवडत नाही."

"मालकांच्या पगाराची स्लिप आहे घरात?"

विद्यार्थ्यांना हा प्रश्न अनपेक्षित आहे. मुलगी मोबाइलमधून फोटो काढून दाखवते. मॅडम चष्मा चढवतात आणि स्क्रीन विद्यार्थ्यांपुढे धरतात. कपातीच्या रकान्यात बारीक अक्षरात ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा. महिना 21 हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराचा पाऊण टक्का कापला जातो आणि नोकरी देणारा सव्वातीन टक्के भरतो. त्या बदल्यात त्या कामगारालाच नाही, त्याच्या बायकोलाही उपचार मिळतात, बाळंतपणासकट. मोहननगरला, चिंचवडात, ईएसआयचं रुग्णालय आहे. या मुलीच्या घरातून दर महिन्याला पैसे भरले जातायत आणि तिला ते माहीतच नाही. स्लिप नवऱ्यानं उघडून पाहिली ती फक्त शेवटचा आकडा वाचायला.

"त्यांना सांग, ठेकेदाराकडून ई-पहचान कार्ड मागून घ्या. तुझं नाव त्यात टाकलंय का बघा. गावाला जायचं की इथं राहायचं, ते मग दोघं मिळून ठरवा."

बाहेर पडल्यावर एक मुलगी विचारते, "मॅडम, ईएसआय आपल्या सिलॅबसमध्ये कुठं येतं?"

"येतं. पण परीक्षेत दोन मार्कांना येतं. तिला मात्र त्याचं बाळंतपण मिळतंय."

गल्लीच्या वळणावर एक आजी दारात शेंगा सोलत बसली आहे. ती एका विद्यार्थिनीला हात करून थांबवते. गाव कुठलं, भाऊ किती, अशी चौकशी झाल्यावर म्हणते, "आणि नर्सिंगला घातलं व्हय तुला? दुसरं काही मिळालं नाही?"

मुलगी कानकोंडी होते. मॅडम आजीशेजारी ओट्यावर टेकतात आणि शेंगा सोलू लागतात. सोलता सोलता सांगतात की पुण्यात सेवासदन निघालं 1909 मध्ये. रमाबाई रानड्यांनी मुलींना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवायचं ठरवलं, तेव्हा लोकांनी याच्यापेक्षा कितीतरी वाईट बोलून घेतलं. घरंदाज बाईनं परक्या माणसाच्या जखमा धुवायच्या म्हणजे काय, असा सवाल होता. तरी मुली गेल्या.

"कोण गेल्या?"

"विधवा गेल्या आजी. ज्यांना घरात कुणी विचारत नव्हतं, त्या."

आजी काही बोलत नाही. थोड्या वेळानं हाताची बाही वर सारते आणि मघाच्याच मुलीला म्हणते, "बघ गं पोरी, माझं बीपी किती हाय." मुलगी आजीला पाच मिनिटं नुसतं बसायला सांगते, पाय जमिनीला टेकवून, दंड हृदयाच्या उंचीला आणून, बोलणं बंद. आजीला बोलणं बंद ठेवणं सर्वांत अवघड जातं.

तिसऱ्या घराचं दार अर्धं उघडं आहे. आत पंखा, खिडकीवर जाड चादर टांगलेली आणि जमिनीवर एक माणूस गाढ झोपलेला. उंबऱ्यात त्याची बायको आवाज न करता तांदूळ निवडतेय. आशाताईंच्या यादीत या घरावर खूण आहे. तीस वर्षांपुढच्या सगळ्यांची मधुमेह आणि रक्तदाबाची तपासणी व्हायची आहे आणि या माणसाचा फॉर्म दोनदा कोरा आलाय.

"उठवू का?" विद्यार्थी कुजबुजतो. "दोन मिनिटांचं काम आहे."

"नको हो," बायको हात जोडते. "साडेआठला आले. चारला परत उठतात, मुलाला क्लासला सोडायला."

मॅडम मान हलवतात आणि सगळ्यांना मागे घेतात. फॉर्मवर 'घरी नाही' असा शेरा लिहायला निघालेल्या मुलीला त्या थांबवतात.

"मागच्या दोन्ही वेळी असंच लिहिलंय ना? बघ."

मुलगी पानं उलटते. तसंच लिहिलंय.

"तो घरी आहे. आपल्यासमोर झोपलाय. 'रात्रपाळी, झोपेत' असं लिही. 'घरी नाही' वाचून वरचा माणूस म्हणेल, लोक सहकार्य करत नाहीत. 'झोपेत' वाचलं तर त्याला विचारावं लागेल की आपण यायची वेळ चुकतेय का."

मॅडम हे हळू आवाजात सांगतात, पण तेराही जण वाकून ऐकतात. रात्रपाळीत वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांमध्ये रक्तदाब आणि मधुमेहाचा धोका वाढलेला असतो. म्हणजे ज्याची तपासणी सर्वांत आधी व्हायला हवी, तोच सकाळच्या गृहभेटीत कधीच सापडत नाही. मॅडमच्या हिशेबी हा शेऱ्याचा रकाना म्हणजे या वस्तीतला सर्वांत महत्त्वाचा रोगनिदानाचा कागद आहे.

दहा-साडेदहाला अंगणवाडीत लसीकरणाचं सत्र सुरू होतं. बाहेर चपलांचा ढीग, आत रडण्याचा गलका. पालिकेच्या एएनएम सिस्टर टेबलापाशी, शेजारी निळा व्हॅक्सिन कॅरियर, आत चार आइसपॅक. गोवर-रुबेलाची कुपी आत्ताच विरघळवली आहे आणि तिच्या लेबलवर पेनानं वेळ लिहिली आहे. चार तासांच्या आत वापरायची, नाहीतर टाकून द्यायची. सुई टोचण्याचं काम विद्यार्थी बघतात, पण मॅडमचं लक्ष तिथं नाही. त्या रांगेकडे बघतायत.

रांगेत दहा-साडेदहा महिन्यांचं बाळ कडेवर घेतलेली एक आई आहे. तिच्याकडे कार्ड नाही. कार्ड उदगीरला, सासूच्या पत्र्याच्या पेटीत. बाळंतपण माहेरी, पहिल्या लसी गावी, मग इकडे. "सगळ्या झाल्यात," ती म्हणते. विद्यार्थिनी बाळाच्या डाव्या दंडावर बीसीजीचा व्रण शोधते. व्रण आहे. पण बाकीचं कसं कळणार? लसीकरणाच्या पोर्टलवर शोध सुरू होतो, मोबाइल नंबर बदललेला निघतो.

"पेटीचं कुलूप कुणाकडं?" मॅडम विचारतात.

"सासूबाईंकडं."

"मग लाव फोन. कार्डाचा फोटो काढून पाठवायला सांग शेजारच्या पोराला."

वीस मिनिटांत उदगीरहून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येतो, थोडा अस्पष्ट, पण तारखा वाचता येतात. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस झालेत. नऊ महिन्यांचे राहिलेत. सिस्टर बाळाच्या उजव्या दंडाला, त्वचेखाली, गोवर-रुबेला देतात, बाकीच्या राहिलेल्या लसी देतात आणि 'अ' जीवनसत्त्वाचा एक मिली डोस चमच्यानं पाजतात. बाळ चमच्याकडे संशयानं बघतं.

आता विद्यार्थिनीची पाळी. लस दिल्यावर चार गोष्टी सांगायच्या असतात: आज कोणती लस दिली आणि ती कशापासून वाचवते, काय त्रास होऊ शकतो आणि झाला तर काय करायचं, पुढं कधी यायचं आणि कार्ड जपून ठेवून प्रत्येक वेळी आणायचं. शिवाय अर्धा तास इथंच थांबायचं. विद्यार्थिनी ते सगळं एका दमात म्हणते. आई मान डोलावते. विद्यार्थिनी रजिस्टरमध्ये खूण करायला लागते.

मॅडम पुढे येतात. "ताई, आता सासूबाईंना फोन करून सांगायचं झालं तर काय सांगाल? ही आत्ता काय काय म्हणाली?"

आई जरा गोंधळते. "ताप येईल म्हणाली."

"बरोबर. आणखी?"

"... तेवढंच."

मॅडम विद्यार्थिनीला म्हणतात, "चारातली एक गोष्ट पोचली. तीन तुझ्याकडेच राहिल्या. परत दे, एकेक करून."

मुलगी आता खाली बसते. आईचा मोबाइल मागून घेते, त्यात पुढच्या तारखेचा गजर लावते, कार्डाचा फोटो एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायला शिकवते. सगळं झाल्यावर स्वतःहून विचारते, "आता सासूबाईंना काय सांगाल?" आई चारही गोष्टी सांगते, स्वतःच्या शब्दांत, उदगीरच्या बोलीत. एएनएम सिस्टर गर्दीतून मान वर करून बघतात आणि पुन्हा कामाला लागतात. त्यांच्यापुढं अजून वीसेक बाळं आहेत. इतका वेळ त्या प्रत्येक आईला देऊ शकत नाहीत, हेही विद्यार्थी बघतात.

कोपऱ्यात दुसरा मुलगा एका खोकणाऱ्या बाळाचे श्वास मोजतोय. पंधरा सेकंद मोजून चारानं गुणायला जातो, तेवढ्यात शेजारची मैत्रीण त्याला ढोसते. पूर्ण एक मिनिट मोजायचं असतं. दोन महिने ते एक वर्षापर्यंतच्या बाळाचे श्वास मिनिटाला पन्नास किंवा जास्त असतील तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. तो शर्टाची बटणं सोडवून बाळाची छाती उघडी करतो आणि पुन्हा सुरुवात करतो. बेचाळीस. मॅडमनी हे पाहिलंय, पण या वेळी त्यांना काही बोलावं लागलेलं नाही.

एक वाजता सगळे अंगणवाडीच्या पडवीत गोल करून बसतात. डबे उघडलेत. मॅडम कुणालाच 'आज काय शिकलात' असं विचारत नाहीत. "आज कोण भेटलं नाही?" असं विचारतात.

यादी तयार होते. रात्रपाळीतले सात पुरुष. घरकामाला गेलेल्या चार बाया, त्यांना दुपारी दोनशिवाय घर नाही. गावी गेलेली दोन कुटुंबं. कुलूपबंद तीन दारं, त्यांच्याबद्दल आशाताईंकडून कळतं की दोघंही नवरा-बायको चाकणला फर्स्ट शिफ्टला असतात.

"म्हणजे आपण सकाळी नऊ ते एकमध्ये कोणाचं आरोग्य बघतो?" मॅडम विचारतात.

"जे घरात बसलेत त्यांचं," मघाचा मोबाइलवाला मुलगा म्हणतो.

"हं. मग?"

गप्पा सुरू होतात. कोणी म्हणतं रविवारी यावं. आशाताई म्हणतात, रविवारी लोक कपडे धुतात, बाजार करतात, गावाकडचे पाहुणे येतात, दार कोणी नीट उघडत नाही. संध्याकाळी सहा ते आठ बरं, सेकंड शिफ्टवाले सोडून सगळे घरात असतात, थर्ड शिफ्टवाले उठलेले असतात. मी येईन सोबत, पण माझ्या घरचा स्वयंपाक उरकून. होस्टेलचं दार साडेसातला बंद होतं, ही पहिली अडचण. आठला मेस बंद होते, ही दुसरी. मुलींना संध्याकाळी वस्तीत पाठवायचं तर पालकांची लेखी परवानगी लागेल, ही तिसरी.

"मुलांची नाही लागत का परवानगी?" एक मुलगी विचारते. दोन्ही मुलगे खाली मान घालून पोळी खातात.

"सगळ्यांचीच घेऊ," मॅडम म्हणतात. त्या वेळापत्रकाचा कागद काढतात आणि पुढच्या आठवड्यातले दोन दिवस खोडून तिथं संध्याकाळची वेळ लिहितात. प्राचार्यांना पत्र त्या स्वतः देणार, रेक्टरशी स्वतः बोलणार, डबे वेगळे काढून ठेवायला मेसच्या मावशींना मुलांनी सांगायचं. घरं दोघादोघांनी करायची, एकट्यानं नाही, आणि प्रत्येक गल्लीत कोणीतरी ओळखीचं असलं पाहिजे. आजीचा ओटा भेटायची जागा म्हणून ठरतो.

लातूरकडची एक मुलगी गप्प बसली आहे. शेवटी म्हणते, "मॅडम, माझी आई हो म्हणणार नाही. आधीच तिला वाटतं, नर्सिंगवाल्या रात्री-अपरात्री फिरतात."

"नंबर दे."

"आत्ता?"

"आत्ता. दुपारची ती घरी असेल ना?"

मुलगी नंबर सांगते. मॅडम हात धुऊन येतात, फोन लावतात आणि स्पीकर चालू न करता कानाला लावतात. पलीकडून आवाज आल्यावर आधी पाऊसपाण्याची चौकशी होते, सोयाबीन कसंय विचारलं जातं. तेराही जण जेवायचे थांबलेत.

"ताई, तुमच्या मुलीला पुढच्या आठवड्यात दोन दिवस संध्याकाळी वस्तीत न्यायचं म्हणतेय," मॅडम सांगतात. "मी सोबत असणार आहे. पण परवानगी नंतर द्या. तुम्हाला नेमकी कशाची काळजी वाटते, ते आधी सांगा."